गोड बोलणारं स्थळ

मी चौथी नापास. तरी निपाणीच्या वाचनालयातलं खुनाच्या पुस्तकांचं कपाट मी एकट्यानं संपवलं, हे छाती पुढं काढून सांगतो. तंबाखूच्या वखारीत पोती उचलायची आणि सुट्टी झाली की पायरीवर वाचत बसायचं. ऐंशी सालाच्या आसपास एक जाडजूड पुस्तक हाती लागलं. परदेशात एकामागून एक माणसं मारणाऱ्यांच्या खऱ्या हकिगती, आणि त्यांचं मन कसं चालतं त्याचा खल. अशी माणसं दिसायला साधी, बोलायला गोड असतात, शेजाऱ्यालाही पत्ता लागत नाही, एवढं त्यातलं माझ्या डोक्यात कुसळासारखं रुतलं.

त्याच महिन्यात थोरल्या लेकीला कंग्राळीचं स्थळ आलं. मुलगा हळू बोलायचा, एकेक शब्द तोलून. बशी खाली ठेवली तर आवाज नाही. घरात सगळी खूश, लेक तर लईच. मला मात्र पुस्तकातली ती माणसं आठवायला लागली. चार दिवस तीच पानं पुन्हा पुन्हा काढून वाचली. पाचव्या दिवशी नकार कळवला.

"का म्हणून?" बायकोनं विचारलं.

"लई गोड बोलतोय."

"मग शिव्या घालणारा जावई पायजे व्हय तुमास्नी?"

 लेकीनं ते पुस्तक दोन दिवसांत वाचलं आणि माझ्यापुढं आणून ठेवलं. "आप्पा, ह्यात लिवलंय, ही माणसं आपली चूक कबूल करत न्हाईत. मग ह्या घरात पहिला संशय कुणावर घ्यायचा?"

मला बसवेना. सकाळच्या गाडीनं बेळगाव गाठलं, तिथनं चालत कंग्राळी. माफीचे शब्द वाटभर घोकले. पण मी तोंड उघडायच्या आत मुलाच्या वडलांनीच हात जोडले.

"पावणं, कळलं न्हवं तुमास्नी? पोरगं बोलताना अडखळतंय. तोलून बोल म्हणून आमीच शिकवलं. लपवलं, चुकलं आमचं."

मी घोकलेलं सगळं गिळलं. म्हणालो, "असू द्या. एवढ्याचं काय धरून बसायचं."

लग्न झालं. मोठ्या मनाचा माणूस म्हणून त्या घरात माझं नाव झालं. व्याही होते तोवर दर दिवाळीला माझे उपकार बोलून दाखवायचे. दर वेळी वाटायचं, आता सांगावं. लेक दारात उभी राहून माझ्याकडं बघत असायची आणि मी म्हणायचो, "सोडा ओ पावणं."