अनंतरावांची संध्याकाळची फेरी

जुन्या गाडीची हौस म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं राजेरजवाड्यांच्या लांबलचक, चकचकीत गाड्या येतात. आमची तसली भानगड नव्हती. आमच्या होत्या हेराल्ड. ॲम्बॅसिडरला मान होता, फियाटला भाव होता, हेराल्डला काळं कुत्रं विचारीत नव्हतं. कारखान्यातून निघायच्या बंद होऊन तीसेक वर्षं झालेली. पेट्रोल पंपावर कुणी विचारायचं, "काका, ही कंची गाडी?" मी म्हणायचो, "तुझ्या बापाला विचार." माझं तोंडच तसलं, त्याला इलाज नाय.

दोन हजार तीन साली आमच्या ओळखीत चालत्या हेराल्ड उरल्या होत्या दोन, आन उभी एक. चालती एक माझी. मी काकासाहेब, पाटबंधारे खात्यात जीपवर ड्रायव्हर होतो, आता रिटायर. उभी होती ती करमाडच्या बद्रीनाथची. तो मोसंबीवाला, त्याच्या गाडीत मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या आन तो कौतुकानं दाखवायचा. आन दुसरी चालती गाडी अनंतरावांची.

अनंतराव म्हणजे कलेक्टर कचेरीतले रिटायर हेडक्लार्क. किडमिडीत, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. तीसच्या वर गाडी नेतील तर शपथ. मोकळ्या रस्त्यावर वळायचं तरी खिडकीतून हात बाहेर काढणार. मागून रिक्षावाल्यानं शिवी घातली तर हे म्हणणार, "या, या, पुढं व्हा." मी शेजारी बसलो की माझं डोकं फिरायचं. "अहो, तुमची गाडी हाय का पालखी?" ते नुसते हसायचे.

दर रविवारी सकाळी आम्ही तिघं मुकुंदवाडीला हबीबमिस्त्रीच्या गॅरेजवर जमायचो. काम असो नसो. एकाचं बॉनेट वर, बाकीच्यांची डोकी आत. लोक आम्हाला भंगार मंडळ म्हणायचे. आमचा एकच कायदा होता, पार्ट विकायचा नाय. ज्याच्याकडं हाय त्यानं मागितल्याबरोबर द्यायचा. माझा कार्बोरेटर बद्रीनाथच्या गाडीतला, अनंतरावांच्या दाराचं हँडल माझं. नात्यागोत्यात सुद्धा एवढं देणंघेणं नसतं.

अनसूयावहिनी, म्हणजे अनंतरावांच्या मिसेस, त्यांचं तर मला लई कौतुक. एकदा माझी गाडी दौलताबादच्या घाटात बंद पडली. फॅनबेल्ट तुटला. निरोप मिळाल्यावर हे नवराबायको आले आपली निळी हेराल्ड घेऊन. बेल्ट कुणाकडंच नाय. वहिनींनी काय करावं? नेसत्या पातळाचा काठ टर्रकन फाडला, पीळ घातला आन म्हणाल्या, "हा बांधा भावजी." त्या काठावर मी घरापर्यंत आलो. अशी बाई.

पुढं तिचंच डोकं गेलं. आधी दुधाचं पातेलं विसरायची, मग शेजारणीचं नाव, मग लेकीचं. शेवटी संध्याकाळ झाली की एकच धोशा, "चला ना, घरी जाऊ." स्वतःच्या घरात उभी राहून. अनंतराव म्हणायचे, "अगं, हेच घर." तर ती रडकुंडीला यायची. पोलीस ॲक्शनच्या आधी, रझाकारांच्या धामधुमीत तिच्या वडिलांनी पैठणचं घर सोडलं होतं. तेच तिच्या मनात होतं की आणखी कुठलं, देवाला ठाऊक.

अनंतरावांनी त्यावर तोड काढली. साडेपाच वाजले की तिला गाडीत बसवायचं. ती पुढं, मांडीवर पर्स. मुकुंदवाडी स्टेशन, तिथून जालना रोडनं चिकलठाण्यापर्यंत, आन माघारी सिडकोत त्याच दारात. "आलं बघ घर," असं ते म्हणायचे. ती समाधानानं उतरायची, नवऱ्याला नावानं हाक मारायची, दोन घास जेवायची. रिक्षात नाय बसायची, लेकाच्या मारुतीत नाय. परके लोक पळवून नेतात म्हणून किंचाळायची. तिला ओळखीची एकच गोष्ट उरली होती, ती निळी हेराल्ड. बाईचा सगळा दिवस त्या अर्ध्या तासावर उभा होता.

श्रावणात एका रविवारी अनंतरावांची गाडी ढकलत गॅरेजवर आणली. हबीबमिस्त्री खाली शिरला, बाहेर येऊन म्हणाला, "क्राउन-पिनियन गया, काका. दाँतां टूट गए." क्राउन-पिनियन म्हणजे मागच्या चाकांना ओढ देणारी दात्यांची जोडी. ती गेली की इंजिन कितीही बोंबलू दे, गाडी जागची हलत नाय. आन हेराल्डची जोडी तर औषधाला मिळत नव्हती.

अनंतरावांनी माझ्याकडं बघितलं. "काकासाहेब, तुमच्याकडं काही...?"

आता ऐका. माझ्याकडं होती. कोरी करकरीत. चौऱ्याऐंशी साली साहेबाला घेऊन हैदराबादला गेलो होतो, तिथं एका दुकानाचा माल निकालात निघाला होता, त्यातून उचलली. ग्रीस लावून, तेलकट कागदात गुंडाळून बिस्किटाच्या डब्यात ठेवली आन एकोणीस वर्षं कुणाला बोललो नव्हतो. माझ्या गाडीचा मागून आवाज यायला लागला होता. आज ना उद्या मलाच लागणार. आन खरं सांगू? सगळ्यांच्या गाड्या बसल्या तरी माझी चालली पायजे, ही खाज होतीच.

मी म्हणालो, "नाय हो अनंतराव. असती तर दिली नसती का?"

"ते का मला माहीत नाही?" असं म्हणून त्यांनी उलट माझाच खांदा थोपटला.

घरी येताना ठरवलं, उद्या देऊ. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता दिली तर काल खोटं बोललो हे उघडं पडतं. मग परवा. असे आठवडे गेले. एक खोटं लपवायला दुसरं, दुसरं लपवायला गप्प बसणं.

तिकडं वहिनी संध्याकाळी दार उघडून एकट्याच निघायला लागल्या. एकदा स्टेशनजवळ रुळाकडेला सापडल्या, अनवाणी. तवापासून अनंतरावांनी बाहेरून कडी लावली. स्वतः पायरीवर बसायचे. आतून ती दार बडवायची, "अहो सोडा, मला घरी जायचंय, घरी माणसं वाट बघत असतील." अनंतराव मला म्हणाले, "पंचेचाळीस वर्षांत आवाज चढवला नव्हता हो, काकासाहेब. काल चढला." हे बोलताना त्यांची मान खाली. मी चहा पीत होतो. तो सगळा संपवला.

बद्रीनाथला कळलं. त्यानं कोंबड्या हाकलल्या, स्वतःची गाडी उलथी करून मागच्या चाकांमधला सगळा गोळा काढला आन टेम्पोत घालून करमाडहून आणला. बसला नाय. त्याची गाडी नंतरची, माप वेगळं. काढताना जोडीचं गंजलेलं लोखंडी घर तडकलं, म्हणजे त्याची गाडी कायमची गेली. बद्रीनाथ म्हणाला, "जाऊ द्या, कोंबड्यांना जागा झाली." मी गोळा परत टेम्पोत चढवायला हात लावला.

त्या दिवशी घरी आमच्या द्वारकाबाईनं ताट आपटलं. "डब्यात काय हाय ते मला ठावं नाय व्हय? त्या बाईला जनावरासारखं कोंडलंय, आन तुम्ही लोखंड कवटाळून बसलात! कुठं फेडाल हे?" जन्मभर मी बायकोवर ओरडलो, त्या दिवशी उठून डबा खाली काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन गेलो. दोन महिने उलटले होते. अनंतरावांनी कागद उलगडून बघितलं. "कुठून मिळवलीत?"

"हैदराबादहून," मी म्हणालो. खोटं नव्हतं. त्यापरीस खोटं मी जन्मात बोललो नाय.

हबीबमिस्त्रीनं तीन दिवसांत जोडी बसवली. त्यानं ग्रीस बोटानं चोळून पाहिलं, वाळून चिकट झालेलं. माझ्याकडं एकदा बघितलं आन हात पुसून कामाला लागला. साडेपाचला गाडी दारात उभी केली. अनंतरावांनी कडी काढली, वहिनींचा हात धरून बाहेर आणलं. "चल, घरी जायचं ना?" दार उघडून धरलं. बद्रीनाथ मुद्दाम आला होता, मीही होतो.

वहिनींनी गाडीकडं बघितलं. मग अनंतरावांकडं. "कुणाची गाडी ही? मी नाही बसायची." त्यांनी हलकेच आत बसवायला बघितलं तर अशी किंकाळी फोडली की गल्ली गोळा झाली. दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरून राहिल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी अनंतरावांनी गाडी दारातून बाजूला घेतली. श्रावणात जोडी बसली असती तर ती गाडी तिच्या ध्यानात राहिली असती. दोन महिन्यांत तीही पुसली गेली. ते दोन महिने माझ्या डब्यात होते.

संक्रांतीनंतर आठव्या दिवशी वहिनी गेल्या. कडीच्या आत.

तेराव्याला अंगणात पाहुणेरावळे जमलेले. अनंतरावांनी माझा हात धरून मला सगळ्यांपुढं उभं केलं. "हे काकासाहेब. हिच्यासाठी हैदराबाद पालथं घातलं यांनी. सख्खा भाऊ करणार नाही." मग खिशातून गाडीची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "आता ही तुमच्याकडं असू द्या. तिच्यात जीव तुम्हीच घातलात." बद्रीनाथ मान हलवत होता. बायकांत बसलेली आमची द्वारकाबाई खाली बघत होती.

सांगायचं म्हणून तोंड उघडलं, आन रडायलाच आलं. हमसून हमसून, लाज सोडून रडलो. अनंतरावांना वाटलं, वहिनीसाठी रडतोय. त्यांनी मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "पुरे आता, काकासाहेब. तुम्ही काय कमी केलंत?" मी नाय सांगितलं. डोळे पुसले आन पंगतीत जेवायला बसलो.