शेवटच्या प्रकरणाची गाठ

मुरोईसानना मी फारसं ओळखत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. एकोणीस वर्षं त्यांचा आवाज माझ्या कानात होता, पण त्यांच्या घराचं दार मी कधी पाहिलं नाही. लिहिणं हेही माझं काम नव्हे. पान, ओळ, चूक, एवढंच लिहायची मला सवय.

आमच्या गावात अंधांसाठी वाचनालय आहे. तिथे मुरोईसान पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करत आणि मी हेडफोन लावून, पुस्तक समोर धरून चुका टिपत असे. दोघंही बिनपगारी. मुरोईसान पूर्वी बसमध्ये कंडक्टर होत्या; थांबे पुकारून पुकारून आवाज पक्का झालेला. लोणच्यांचं पुस्तक असो, मूत्रपिंडाचे आजार असोत, सुमो पैलवानाचं चरित्र असो की प्रेमकथा, त्या फक्त विचारत, "किती पानं?"

वाचताना नाटक करायचं नाही, असा आमचा नियम आहे. मुरोईसान तो पाळत. बांबूच्या कोंबांचा भात आला की मात्र तोंडाला पाणी सुटलेलं ऐकू येई. ते मी कधी टिपलं नाही.

घोटाळा झाला रहस्यकथांत. सुया टोचून उपचार करणारे इमाकुरेसान आमचे जुने श्रोते. ते एकदा वाचनालयात येऊन म्हणाले, "मुरोईसान, तुमचा खुनी मला दुसऱ्या प्रकरणातच सापडतो. त्याचं नाव आलं की तुमचा आवाज गार पडतो. परवाच्या पुस्तकात त्या डॉक्टरचा चहासुद्धा तुम्ही रागानंच ओतलात."

सगळे हसले, मुरोईसानही हसल्या. पण मग प्रमुखबाई हळूच म्हणाल्या की रहस्यकथा दुसऱ्या कुणाला दिलेल्या बऱ्या. तेव्हा मुरोईसान टेबलावरच्या फडक्याच्या उगाच घड्या घालू लागल्या. इतर पुस्तकं त्या वाचत. रहस्यकथांची वाट पाहत.

त्यांचा तरी काय दोष? आमच्या चित्रलिपीत नाव लिहिलेलं एक आणि त्याचे उच्चार तीन. म्हणून ध्वनिमुद्रणाआधी पुस्तक शेवटापर्यंत वाचून सगळे उच्चार शोधावेच लागतात. खुनी कोण ते कळलं, की त्याला माफ करणं त्यांना जमत नसे.

वाचनालयाच्या बैठकीत मी कधी बोलत नाही. पुढच्या बैठकीत मात्र कान लाल झाले तरी मुरोईसानसाठी रहस्यकथेचं आणखी एक पुस्तक मागून घेतलं. घरी ते वाचलं, सगळ्या नावांचे उच्चार शोधून यादी केली आणि शेवटच्या प्रकरणाची पानं सुतळीनं बांधून टाकली. तिथपर्यंत ध्वनिमुद्रण झालं की मगच सोडायची.

मुरोईसाननी गाठ बोटानं चाचपून पाहिली. "म्हणजे खुनी तुम्हाला ठाऊक आहे?"

"आहे."

"चेहऱ्यावरून वाटत नाही."

"माझा चेहरा असाच आहे," मी म्हणालो.

तिसऱ्या प्रकरणापासून त्यांचा संशय बाग राखणाऱ्या माळ्यावर बसला. बिचाऱ्यानं नुसतं गुलाबांना पाणी घातलं तरी माझ्या कानात हिवाळा. सुतळी सुटली तेव्हा खुनी निघाली मावशी, जिला त्यांनी अडीचशे पानं मायेनं वाचलं होतं. त्या ओळीवर चार सेकंद शांतता. नियमानं ती चूक. मी टिपली नाही.

इमाकुरेसानचा फोन आला. बारा दिवस त्यांनी माळ्याला शिव्या घातल्या होत्या आणि बायकोशी लावलेली पैज ते हरले होते. त्यांना दुसरी रहस्यकथा हवी होती, याच आवाजात. प्रमुखबाईंनी ती मुरोईसानच्या कप्प्यात ठेवली.

त्यानंतर मी बेचाळीस पुस्तकं बांधली. मुरोईसान गेल्यावर बेचाळिसावं त्यांच्या मुलीनं परत आणून दिलं. सुतळी तशीच होती. मी अजून सोडलेली नाही.

ते पुस्तक नेलं त्या दिवशी मुरोईसान वाचनालयाच्या दाराशी बसून बूट घालत होत्या.

"गाठ घट्ट आहे ना? मागच्या खेपेला सैल होती. मी बघितलं नाही हं, सांगून ठेवते."

"घट्ट आहे."

"किती पानं?"

"तीनशे बारा."

"होतील. येते मग."