सीटखालचा नारळ

मला वेगाची हौस होती, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. ते खरं नाही. मला हौस होती ती लोकांनी वळून बघण्याची. वेग आपला सोबत आला.

आम्ही रायपूरच्या तात्यापाऱ्यातले, जुन्या वस्तीतले. बाबा रेल्वेत कारकून होते, वर्ध्याहून बदलीवर आले आणि रायपूरचेच झाले. त्यांची सायकल त्यांच्यानंतरही दोन वर्षं चालली. रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं तेव्हा मी एसी दुरुस्तीचं काम शिकत होतो. राजधानी म्हटली की कार्यालयं आली, कार्यालयं म्हटली की साहेब आले आणि साहेब म्हटले की एसी आले. माझं बस्तान बसलं ते असं, दुसऱ्यांच्या घामावर.

चाळिशीच्या अलीकडे मी ती गाडी घेतली. हैदराबादहून आणलेली, सेकंडहँड. दिसायला चार दारांची साधी गाडी, पण पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची. आमच्या गल्लीत तिला दुसऱ्या गिअरच्या वर जाताच येत नसे. भाजीच्या ठेल्यामागे मी गुरगुरत उभा असे आणि ठेलेवाला निवांतपणे कांदे तोलत असे.

गाडी दारात आली त्या दिवशी आईनं पूजा केली. चाकाखाली लिंबं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक आणि दोन नारळ. आमच्या घरची रीत अशी की एक नारळ फोडायचा आणि दुसरा लाल फडक्यात बांधून गाडीतच ठेवायचा. तो गाडीची राखण करतो. कधी तो आपणहून तडकला, तर त्यानं आपल्यावरचं संकट झेललं असं समजायचं आणि मग तो फोडून सगळ्यांना प्रसाद वाटायचा.

"मागे ठेव, पायाजवळ. अन् काढू नको बरं," आई म्हणाली.

"आई, ह्या गाडीला चांगले ब्रेक आहेत," मी म्हणालो.

"तुले काय वाटते, बिरेकच वाचवते काय माणसाले?"

नारळ मागच्या सीटपुढे ठेवला गेला.

गाडीचं काम करायचा तो शहराच्या कडेच्या बीरगांवचा एक मेकॅनिक. माझ्याच वयाचा. आधी शेजारच्या उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये फिटर होता, मग बीरगांवात पत्र्याचं शेड टाकून त्यानं गॅरेज सुरू केलं. ट्रक आणि छोटे हत्ती दुरुस्त करणारा माणूस, पण माझी गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्याभोवती दोनदा फिरला आणि हात धुऊन आला. मग बॉनेट उघडलं. त्याचे वडील भंडाऱ्याकडचे, त्यामुळे आम्ही मराठीत बोलायचो. माझी मुलं मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर द्यायची, बायको रायपूरचीच, हिंदी बोलत मोठी झालेली. आई सोडली तर ज्याच्याशी मी मराठीत बोलत असे असा शहरात हा एकच माणूस होता. मी त्याला 'भाऊ' म्हणायचो, तोही मला 'भाऊ'.

शहरात अशा गाड्या असलेल्यांचा एक ग्रुप होता. मिलमालकांची मुलं, दोन डॉक्टर, एक मोठा ठेकेदार. त्यांनी मला सामावून घेतलं होतं, पण काठावर. त्यांच्यात बसलो की मी हसायला नेहमी अर्धा क्षण उशीर करायचो, विनोद नक्की झाला आहे ना, हे बघून. त्यांनी एका रविवारी ट्रॅक डे ठरवला. म्हणजे शर्यत नव्हे. रीतसर परवानगी घेऊन बंद केलेल्या रस्त्यावर ज्यानं त्यानं आपली गाडी मनसोक्त पळवायची. शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत तेव्हा रस्ते आधी आले होते, माणसं यायची होती. सहा पदरी रस्ता, मध्ये फुलझाडं आणि पाणी घालणारा माळी सोडला तर चिटपाखरू नाही. तिथल्या एका मोकळ्या सेक्टरभोवतीचा रस्ता मिळाला होता.

मी मेकॅनिकला म्हणालो, "भाऊ, तू पण चल. पंधरा-वीस गाड्या येणार. ह्या लोकांना गाडीला नीट हात लावणारा माणूस मिळत नाही. त्यांची कामं तुझ्याकडे आली तर तुझं शेड पक्कं होईल."

"मले कोण विचारते तिथं?"

"मी सांगतो ना."

त्यानं ते मनावर घेतलं. दोन दिवस आधी माझ्या गाडीचं ब्रेक ऑइल बदललं, पॅड बदलले, चारही चाकं काढून लावली. रविवारी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मी ओळख करून दिली आणि खरोखरच लोक त्याला विचारू लागले. एका डॉक्टरच्या गाडीचा आवाज त्यानं नुसता ऐकून सांगितलं, बेल्ट जाईल. चार जणांनी त्याला सोमवारी गाडी आणतो म्हणून सांगितलं. तो माझ्याकडे बघून हसला. मला त्याच्यापेक्षा माझाच अभिमान वाटला, हेही सांगून टाकतो.

सुरू होण्याआधी तपासणी होती. गाडीतलं सगळं सुटं सामान बाहेर काढून शेजारी ताडपत्रीवर मांडायचं, बाटल्या, पायपुसणी, जॅक, सगळं. जोरात ब्रेक लागला की सुटी वस्तू कुठेही जाते, म्हणून. मग फॉर्मवर सही करायची, की गाडीत सुटं काही नाही.

मी ताडपत्रीवर सामान मांडलं. शेजारच्याच्या ताडपत्रीवर कातडी हातमोजे होते, हवा मोजायचं चकाकणारं मीटर होतं. मी मागचं दार उघडलं आणि तो दिसला. लाल फडकं, कुंकवाची बोटं, वर शेंडी. तो त्या ताडपत्रीवर मांडायचा, मिलवाल्यांच्या पोरांसमोर. ते काही बोलले नसते कदाचित. त्यांच्या घरीही पूजा होतातच. पण तेवढा विचार करायला माझ्याकडे धीर नव्हता. मला लाज वाटली. आईची वाटली, तात्यापाऱ्याची वाटली. तपासणारा दोन गाड्या पलीकडे होता. मी नारळ मागूनच माझ्या सीटखाली सरकवला, दाबून.

तेवढ्यात मेकॅनिक आला. "भाऊ, सगळं काढलं ना?"

"हो."

"पाहू काय मी एकदा?"

"अरे काढलं म्हटलं ना," मी जरा तोडूनच बोललो. तो गेला. मी सही केली.

पहिल्या दोन फेऱ्या मी सांभाळून मारल्या. मग अंगात आलं. तिसऱ्या फेरीत एका वळणावर जोरात ब्रेक मारला आणि टाचेला काहीतरी टणक लागलं. काय आहे ते मला त्याच क्षणी कळलं. नियम सोपा होता. हात बाहेर काढायचा, गाडी कडेला घ्यायची, थांबायचं. पण थांबलो असतो तर लोक धावत आले असते आणि 'काय झालं' म्हणून वाकून बघितलं असतं. मी डाव्या पायानं तो नारळ पुढे ढकलला, कोपऱ्यात जाईल म्हणून, आणि सरळ रस्त्यावर गाडी सोडली.

सरळ रस्त्याच्या शेवटी डावं वळण होतं. मी ब्रेकवर पाय दिला. पेडल जरासं गेलं आणि अडलं. दगडावर पाय द्यावा तसं. मी सगळं वजन टाकलं. काहीतरी कट्‌कन वाजलं, पण गाडी पुरती थांबली नाही. वळण आखणारे प्लास्टिकचे शंकू उडाले, झेंडा घेऊन उभा असलेला माणूस जीव घेऊन बाजूला पळाला आणि गाडी रेतीच्या पोत्यांत घुसली. मला खरचटलंसुद्धा नाही. तो माणूस धडपडून पडला होता, तोही उठून उभा राहिला.

लोक धावत यायला दहा-बारा सेकंद लागले असतील. त्या सेकंदांत मी काय केलं? मी त्या माणसाकडे धावलो नाही. मी खाली वाकलो, पेडलमागे अडकलेला नारळ ओढून काढला, हेल्मेट उतरवलं, नारळ त्यात घातला आणि वर रुमाल कोंबला. बाहेर आलो तेव्हा हेल्मेट छातीशी घट्ट धरलं होतं आणि सगळ्यांना वाटलं की घाबरलो म्हणून.

"क्या हुआ?"

"ब्रेक नहीं लगा," मी म्हणालो.

हे शब्द खोटे नव्हते. तेच तर वाईट.

सगळ्यांच्या माना मेकॅनिककडे वळल्या. तो गाडीत अर्धा शिरला होता. त्यानं हातानं पेडल दाबलं, दोनदा, तीनदा. ते चांगलं होतं. तेवढ्यात ठेकेदार म्हणाला, "ये देखो, नीचे गीला है. तेल लीक है." खरंच, पेडलखालचा गालिचा ओला होता. मेकॅनिकनं त्यावर बोट टेकवलं. बोट नाकाशी नेलं. ब्रेक ऑइलचा वास त्याच्याइतका कुणाला ठाऊक असणार? ते ऑइल नव्हतं. तडकलेल्या नारळाचं पाणी होतं.

त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या हेल्मेटकडे. मग पुन्हा माझ्याकडे. थांबला.

आणि मी ओरडलो. "परसों ही तो तुमने ब्रेक का काम किया था! आदमी मर जाता तो?"

हिंदीत ओरडलो. ज्याच्याशी जन्मात हिंदीत बोललो नाही त्याच्यावर, सगळ्यांना कळावं म्हणून. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी माझ्याच तोंडून ऐकल्या आणि आवाज चांगला खणखणीत होता.

त्यानं बोट शर्टाला पुसलं. त्या इस्त्रीच्या. "हाँ सर, काम मेरा ही था," म्हणाला. हेही खोटं नव्हतं.

सोमवारी त्याच्याकडे चारपैकी एकही गाडी गेली नाही. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, बीरगांवच्या त्या माणसाकडे कुणी जाऊ नका. खाली अंगठे उमटले. माझा अंगठाही त्यात होता. तो दिसला नाही तर लोक काय म्हणतील असं वाटलं.

त्या रविवारी घरी आईला मी सांगितलं की ब्रेक लागला नाही, पण वाचलो. नारळ तिच्या हातात दिला. तिनं फडकं सोडलं. नारळाला आडवी भेग होती. आई खाली बसली आणि रडायला लागली.

"पाह्यलं? तुह्यावरचं यानं झेललं रे बाप्पा!"

तिनं नारळ फोडला, खोबऱ्याचे तुकडे केले, शेजारीपाजारी पाठवले. मग एका पुडीत चार तुकडे बांधून माझ्यापुढे धरले. "हे त्या बीरगांववाल्याले नेऊन दे. त्याच्या हातून चूक झाली असन, पण त्याच्या जिवालेही घोर लागला असन ना. त्याले सांग, आईनं काही मनात ठेवलं नाही."

आईनं त्याला क्षमा केली होती. वड्याचं तेल वांग्यावर कसं निघतं ते मी असं घरातच पाहिलं. तरीही तोंड उघडलं नाही. खरं सांगितलं तर तिचा नारळ राखणदार उरला नसता, तो मला जवळजवळ मारणारा ठरला असता. तिच्यासाठी गप्प बसलो असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं. तिच्यासाठी नव्हतो बसलो.

पुडी घेऊन बीरगांवला गेलो. शेडमध्ये एक छोटा हत्ती उभा होता आणि तो त्याच्याखाली पडलेला होता. बाहेर आला, हात पुसले, पुडी दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली. एक तुकडा तोंडात टाकून सावकाश चावला.

"हाच होता ना भाऊ, पेडलच्या मागं?" त्यानं विचारलं.

माझ्या तोंडून होकाराचं 'हव' निघालं, तेही पुरतं नाही.

"मग तू तेव्हाच काहून नाही बोलला?" हे विचारण्याची मला लाज वाटायला हवी होती. पण मी विचारलं.

त्यानं पुडी पुन्हा बांधली. "थांबलो होतो ना भाऊ. मले वाटलं, तुमी बोलसान."

रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. मी परत निघालो तेव्हा त्यानं आईला नमस्कार सांगितला.

त्या आठवड्यात मी ग्रुपवर लिहायला तीनदा घेतलं. 'चूक माझी होती' इथपर्यंत लिहायचो आणि पुढे नारळ आला की पुसून टाकायचो. पुढे गाडी विकली, ग्रुप सुटला, ते लोक दुसऱ्या छंदांना लागले. त्यांच्यापैकी कुणाला आज सांगितलं तर हसतील आणि विसरतील. तेव्हा सांगायचं होतं. आई गेली, ती नारळानं मुलगा वाचवला याच समाधानात गेली.

बीरगांवचं शेड अजून पत्र्याचंच आहे. माझी आताची साधी गाडी मी तिथेच नेतो. तो काम चोख करतो, कधी जास्त सांगत नाही. मी मराठीत बोलतो, तो हिंदीत उत्तर देतो. चावी देण्याआधी दर वेळी गुडघ्यावर बसतो, ड्रायव्हरच्या सीटखाली कोपरापर्यंत हात घालतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतो, आणि उठून चावी माझ्या हातावर ठेवतो.

"खाली है, सर," म्हणतो.