सत्तेचाळीस सुलूताई

या देशात जे जे म्हणून उंच, रुंद किंवा अवाढव्य आहे, त्या प्रत्येकापाशी आमच्या चिंचणीच्या भावोजींनी माझ्या बहिणीला एकदा तरी उभं केलेलं आहे. मंदिराची शिखरं, किल्ल्यांचे दरवाजे, धरणाच्या भिंती, एवढंच काय, वाटेत दिसलेला एक प्रचंड फणससुद्धा सुटला नाही. प्रवासात इतके फोटो काढणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आणि तरीही गेल्या वर्षी ताई गेली, तेव्हा तेराव्याला पाटावर ठेवायला तिचा एक धड फोटो या माणसापाशी निघेना. मी भयंकर चिडलो होतो, उगाच कशाला लपवू?

या सगळ्याचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. भावोजी बोईसरच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. तिथे गळक्या पाइपाचा किंवा तडा गेलेल्या झाकणाचा फोटो काढायचा, तर शेजारी पेन ठेवायची शिस्त. तडा केवढा आहे ते बघणाऱ्याला कळायला हवं ना! भावोजी रिटायर झाले, हातात मोबाइल आला, दोघं देश बघायला निघाली आणि पेनाच्या जागी ताई आली. "माणूस बाजूला नसला तर फोटो फुकट हाय," हे त्यांचं ठाम मत. ताई जरा कुठे टेकली की लांबून ओरडायचे, "सुलू, सरळ उभी राहा, माप चुकतंय!" ताईची उंची पाच फूट एक इंच. माकुणसारच्या मामींना त्यांनी कुतुबमिनार समजावला तो असा: "अशा सत्तेचाळीस सुलू एकावर एक उभ्या केल्या, की झाला मिनार." मामींनी चष्मा पुसला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "पण सुलू कुठं हाय यात?" भावोजींनी बोट ठेवलं. "ती काय, तळाला. पिवळा ठिपका."

जेवतानाही सुटका नव्हती. पुरी टम्म फुगून आली, की ताईने पुरीशेजारी हाताचा पंजा ठेवायचा. फोटो मनासारखा येईपर्यंत पुरी बसायची, भाजी गार व्हायची, वेटर दोनदा येऊन जायचा. विजापूरला तर कहर झाला. गोलघुमट अख्खा मावावा म्हणून हे मागे मागे सरकत गेले ते फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडच्या रसाच्या गुऱ्हाळापर्यंत. तेवढ्यात मध्ये शाळेची सहल शिरली. सहल जाईपर्यंत थांबू म्हणून भावोजींनी रस मागवला, एक पेला झाला, दुसरा झाला. ताई उन्हात पायरीवर तशीच, ताठ! "हलू नको सांगितलं होतं ना," ती मला नंतर सांगत होती, "मग काय, उभी राहिले." मी म्हटलं, अगं, तू माणूस आहेस की मैलाचा दगड? तर ती हसायला लागली. ती बाई हसायचीच. मला मात्र तेव्हाही राग आला होता.

तर ताई गेली. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त. मूलबाळ नाही, लग्नाचा अल्बम वाळवीने कधीच संपवलेला, आणि आधारकार्डावरच्या फोटोत ती कुणा भलत्याच बाईसारखी दिसायची. घरच्या कार्यात भावोजी फोटो काढणार म्हणून दुसऱ्या कुणी कॅमेरा काढलेलाच नाही. मी पालघरहून रोज दुपारी चिंचणीला जायचो, आणि आम्ही दोघं ओटीवर बसून हजारो फोटो बघायचो. ताई प्रत्येक जागी होती. खांबाशी, कमानीशी, रथाच्या चाकाशी, पर्स पोटाशी धरून. मोठी करायला जावं तर चेहऱ्याचा नुसता चिखल व्हायचा. तिसऱ्या दिवशी माझा तोल गेला. "भावोजी, एकदा तरी तिच्या जवळ जाऊन काढायचात!" मी ओरडलोच. त्यांनी आणखी एक फोटो पुढे सरकवला. मग म्हणाले, "जवळच होती रे ती. तिचा कशाला काढायचा, असं वाटायचं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेराव्याच्या आदल्या सकाळी तो फोटो सापडला. गिरनारच्या पायथ्याशी भावोजी बुटाची नाडी बांधायला वाकले होते, फोन ताईच्या हातात दिला होता, आणि तिचा अंगठा कुठेतरी पडून सेल्फी निघाला असावा. अख्ख्या पडद्यावर ताई! कपाळावर घाम, टिकली सरकलेली, भुवया वर, तोंड उघडं. "काय म्हणतेय?" मी विचारलं. "आणखी काय म्हणणार?" भावोजी म्हणाले, "'झालं का हो तुमचं? चला.'" आणि मग हा माणूस हमसून हमसून रडला. मीही रडलो.

आम्ही लगेच बोईसरला स्टुडिओत गेलो. तिथल्या माणसाने फोटो कॉम्प्युटरवर घेतला, घाम पुसला, टिकली जागेवर आणली आणि विचारलं, "अंकल, मुँह बंद कर दूँ? अच्छा दिखेगा." भावोजी खुर्चीतून उठलेच. "नको, नको! वैसाच रहने दो. बोलने दो उसको." घामसुद्धा त्यांनी परत आणायला लावला.

तेराव्याला बेटेगावहून आलेले पाहुणे आपसात कुजबुजले, असला कसला फोटो लावलाय म्हणून. कुजबुजू देत. भावोजी आता लांब कुठे जात नाहीत. बाजार, बँक, फार तर समुद्रावर एक फेरी. परवा मी गेलो तेव्हा ते बाहेर पडायच्या तयारीत होते. चष्मा सापडेना, पिशवी सापडेना, छत्री सापडेना, नेहमीचा गोंधळ चाललेला. शेवटी सगळं हाती लागलं. दाराशी पोचल्यावर ते वळले, भिंतीवरच्या त्या फोटोकडे बघून म्हणाले, "झालं गं, झालं. निघालोच," आणि चपला घालून एकटेच पायऱ्या उतरले.