धाकट्याच्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग

आसपासचा एकही ट्रॅक्टर मिस्त्रीच्या हाताखालून गेला नाही असा नव्हता. लोक म्हणत, याला इंजिनाचा आवाज फोनवर ऐकवला तरी दुखणं सांगतो. फक्त सख्ख्या धाकट्या भावाचा ट्रॅक्टर तेवढा कायम मागे. घरचंच काम, कधीही करू, असं म्हणता म्हणता राहूनच जायचं.

तो ट्रॅक्टर तीस वर्षांचा. स्टेअरिंग इतकं ढिलं झालेलं, की पाव फेरा फिरवलं तरी पुढची चाकं ढिम्म हलत नसत.

"दादा, हा ट्रॅक्टर नाही, रेडा झालाय. मी म्हणतो उजवीकडे, तो म्हणतो बघू," धाकटा हसत सांगायचा.

मिस्त्रीही हसायचा. "पुढच्या आठवड्यात येतो. तोवर दमानं चालव."

असे तीन पुढचे आठवडे गेले. चौथ्यात, भर दुपारी, कालव्याच्या काठावरून येताना ट्रॅक्टर खाली गेला आणि धाकटा त्याच्याखाली सापडला. माणसं धावत पोचली, तोवर सगळं संपलं होतं.

ट्रॅक्टर ओढून गोठ्यामागे आणून ठेवला. दीड महिना तिकडे कुणी फिरकलं नाही. मग एक दिवस भावजय गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली.

"नांगरट खोळंबलीय. ट्रॅक्टर नीट करून द्या, दादा."

"विकून टाकू गं तो. दुसरा बघू."

"तोच हवाय. मी चालवणार आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मिस्त्री हत्यारं घेऊन गेला. पुढचा भाग जॅकवर उचलला आणि खाली वाकला. दोन्ही पुढच्या चाकांना जोडणारा दांडा डावीकडे लोंबत होता. त्याच्या टोकाचा लोखंडी गोळा वाटीतून निखळला होता. मिस्त्रीनं वाटी फडक्यानं पुसून उन्हात धरली. आपटून निखळला असता तर वाटीची कड वाकली असती, फाटली असती. कड शाबूत होती. नुसती झिजून झिजून रुंद झालेली. म्हणजे गोळा आधी निघाला, ट्रॅक्टर मग गेला. काठच खचला असेल, असं दीड महिना तो मनाला समजावत आला होता.

खिळा शोधायला त्यानं सीटखालची पेटी उघडली. आत तेलकट कागदात गुंडाळलेले दोन नवे कोरे सांधे, तशाच गोळा-वाटीचे. धाकट्यानं आणून ठेवलेले. दादा आला की त्याचा खोळंबा नको म्हणून. मिस्त्रीनं तेच सांधे बसवले, आत ग्रीस भरलं, दोन्ही चाकं मापात आणली. हात सवयीनं चालत होते, म्हणून बरं.

भावजय पाणी घेऊन आली तेव्हा त्याला राहवलं नाही. "एका दुपारचं काम होतं गं. माझ्यामुळे गेला तो."

तिनं तांब्या खाली ठेवला. "मी रोज म्हणायचे, दुसऱ्या कुणाला दाखवा. ते म्हणायचे, दादाला काय वाटेल." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "झालं असेल तर चालवायला शिकवा, मिस्त्री."

लग्न होऊन आल्यापासून बावीस वर्षं ती त्याला दादाच म्हणत आली होती.

आठ दिवस तो ट्रॅक्टरच्या बाजूनं चालत राहिला. ब्रेक, क्लच, वळण सांगत राहिला. नवव्या दिवशी तिनं एकटीनं वावर नांगरायला घेतलं. नांगराचे तास वाकडेतिकडे पडले, पण संध्याकाळपर्यंत वावर उलथून झालं. तो बांधावर उभा होता. तिनं वळून पाहिलं नाही.

आता दर महिन्याला तो ग्रीस घेऊन जातो. "बघा एकदा, मिस्त्री," एवढंच म्हणून ती घरात जाते. तो पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवतो. कुठेच ढिलं लागत नाही. तरी पुन्हा हलवून बघतो.