कळण्याच्या भाकरीची बियर

उषाबाईंना एका जागी बसणं तसंही जमत नसे, आणि त्या दुपारी तर विचारूच नका! दार लावलं, कडी घातली, पुन्हा उघडलं. डिंडोलीच्या त्या चाळीत भरदिवसा दार बंद दिसलं, की समोरच्या सुभद्राबाई "सगळं बरं आहे ना?" म्हणत हजर. शेवटी उषाबाईंनी दार नुसतं लोटलं आणि त्याला पाठ टेकवून त्या उभ्या राहिल्या.

कारणही तसंच होतं. पुण्याहून आलेल्या लेकानं, योगेंद्रनं, टॉवेलात गुंडाळून आणलेली बाटली ओट्यावर ठेवली होती. दारूबंदीच्या गुजरातेत! पोरगा बियरच्या कारखान्यात आहे, हे त्यांनी चाळीत कुणाला कळू दिलं नव्हतं. विचारलंच कुणी, तर सरबताची कंपनी.

"हाई काय शे रे?"

"स्टाउट, माय. काळी बियर. मी स्वतः बनवली. पहिला घोट बाबांनी घ्यायचा, म्हणून अजून कुणाला चाखू दिली नाही."

पोलिसांची भीती होतीच, पण खरी भीती खाटेवर बसली होती. लोटू, त्यांचा नवरा, नुकताच उधन्याहून कापडाच्या मागावरची पाळी संपवून आलेला. एके काळी कारखान्यातून सुटलेला हा माणूस घरी येईल की गटाराच्या कडेला सापडेल, याचा नेम नसायचा. लहानग्या योगेंद्रच्या डोक्यावर हात ठेवून त्यानं शपथ घेतली, आणि खरंच, तेव्हापासून थेंबाला शिवला नाही. त्या शपथेचं काहीच ठाऊक नसलेला तोच योगेंद्र आता बापासमोर पेला भरत होता. काय म्हणावं या कर्माला!

लोटूची नजर पेल्यावरून हलत नव्हती. ती नजर उषाबाई पुरती ओळखून होत्या.

"एकच घोट, बाबा," योगेंद्र अजिजीनं म्हणाला. "सगळे हसतात मला. ज्वारी-उडदाची कुठं बियर होते का, म्हणतात. तुम्ही चांगली म्हणालात की झालं."

लोटूनं हात पुढे केला. तो पेल्यापर्यंत पोचण्याआधीच उषाबाई झेपावल्या, पेला उचलला आणि जन्मात कधी दारूला न शिवलेल्या त्या बाईनं मोठा घोट घेतला.

"अगं बाई! कडू जहर!" तोंड वाकडं झालं. मग ओठांवरून जीभ फिरवत त्या थबकल्या. "अरे... हाई ते जयेल भाकर शे. कळण्याची!"

"ओळखलंस!" योगेंद्र उडालाच. "कळण्याचेच ज्वारी नि काळे उडीद करपेपर्यंत भाजले, माय. लहानपणी तुझी भाकरी अशीच लागायची. तशी चव कुणाच्या हाताला नाही. तू मुद्दाम करपवायचीस ना?"

"मुद्दाम?" उषाबाईंचा आवाज चिरकला. राग होता, रडूही होतं. "भाकर तव्यावर टाकून मी दारात उभी राहायचे. का उभी राहायचे, ते तुना बापले इचार!"

योगेंद्रनं बापाकडे पाहिलं. लोटूनं पुढे केलेला हात मागे घेतला.

"चांगली झाली का, ते तुझ्या मायलाच विचार," तो खाली बघत म्हणाला. "करपलेली तुम्ही मायलेक खायचात. चांगली भाकर ती माझ्यासाठी झाकून ठेवायची. मला ती चव कुठून माहीत असणार?"