आई फवारणीलाच शिव्या देत राहिली

माझ्या भावाला कपाशीच्या फवारणीनं मारलं नाही.

आमच्या सोनाळ्यात मात्र आजही सगळे फवारणीनंच मारलं म्हणतात. सगळ्यांत मोठ्यानं आई सांगायची.

आईचे दोन भाऊ लहानपणीच गेले होते. म्हणून माझा भाऊ झाला तेव्हा त्याला उकिरड्यावर ठेवून उचललं आणि नाव ठेवलं उकर्डा. दृष्ट लागू नये म्हणून.
पोरं चिडवायची. हा उलट म्हणायचा, "हसता काऊन बे? मले तं यमबी नेत नाही!"

कान कायम वाहायचा. छाती भरलेली.
बीटी कपाशी आली तरी फवारणी काही सुटली नाही. पंप दिसला की आई शिव्यांची लाखोली वाहायची.

कॉलेजात असताना नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचं रक्त तपासलं. अँटीबॉडीज जवळजवळ नाहीतच.

त्यांनी समजावलं. अँटीबॉडीज बनवतात बी-सेल्स. त्यांच्यावरचा रिसेप्टर आत सिग्नल देतो, वाढ, कामाला लाग. याच्यात तो सिग्नल पुढे नेणारं प्रोटीनच बिघडलेलं. म्हणून बी-सेल्स तयारच होत नाहीत.
"हा दोष आईकडून येतो. भोगतात मुलगे."

आई बाहेर डबा उघडून आमची वाट बघत होती.
उकर्डा मला म्हणाला, "ताई, मायले नको सांगू. फवारणीच म्हण."
मी तेच सांगितलं.

दुसऱ्यांच्या अँटीबॉडीज सलाईनमधून द्यायला लागले, पण फुप्फुसं आधीच खराब झाली होती. काही वर्षांपूर्वी आजच्याच दिवशी तो गेला.

आता माझा मुलगा आठ महिन्यांचा आहे. पहिले काही महिने बाळाला आईच्या अँटीबॉडीज पुरतात. नंतर त्याच्या त्याला बनवाव्या लागतात.
परवा त्याचा कान वाहिला. खोकला तर वाटलं, आतल्या खोलीत उकर्डाच झोपलाय. 
तो दोष माझ्यातही असू शकतो. बाळाचं रक्त तपासायला दिलंय.

आईला फोनवर म्हटलं, दात येऊन राह्यले म्हणून कान वाह्यला, बाकी काही नाही.

ती म्हणाली, "माह्या दोघा भावायचे कान असेच वाह्यचे, बाई. तवा कुठं होती फवारणी?"

"मंग तू फवारणीले शिव्या काऊन देत होती?"

"उकर्डा आयकत होता ना. त्याले वाटाले नको, हे दुखणं मायनंच देल्लं."

रिपोर्ट यायचाय. आई आजच्या एसटीनं निघालीय.

उकर्डा, तिला सगळं माहीत होतं रे.
आता तरी शांत झोप.
— तुझी ताई